म्हशीच्या आवाजातल्या अक्का

दिवाळी जवळ आली की टीव्हीवर ती मिठी लागते आणि माझं डोकं फिरतं. लहान मुलांच्या कार्टूनमधली मिठी. राजी आणि तुक्या ही बहीणभाऊ फराळावरून भांडलेली असतात आणि शेवटी 'सॉरी ताई, सॉरी तुक्या' करत एकमेकांच्या गळ्यात पडतात. मागं गाणं वाजतं आणि वरून फुलं पडतात. आता मला सांगा, करंज्या करताना वरून फुलं कुठनं पडतात? त्या मालिकेची पार्श्वचित्रं मी काढायची. ते स्वयंपाकघर माझं, ती चूल माझी, खिडकीतनं दिसणारा गोठा माझा. ती मिठी मात्र आमच्या स्टुडिओत काढलेलीच नाही. हात बघितले तरी कळतं, आमच्या राजीचे हात एवढे लांब नाहीत. आणि अक्कांनी तर ती जिवात जीव असेपर्यंत काढू दिली नसती.

मंगळवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. खाली दिवसभर पातेल्यांची आदळआपट आणि वर आम्ही कार्टून काढणारे. कोल्हापुरात कार्टून काढतात म्हटलं की पाहुणे आधी हसतात, मग विचारतात, "आणि नोकरी कुठं करता?" अशा जागी अक्का गोष्टी लिहायच्या, आवाज द्यायच्या आणि आवाज द्यायला आलेल्या पोरांना सांभाळायच्या. मूळच्या कुरुंदवाडच्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांच्याकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच अक्का म्हणायला लागलो. मालक बाळासाहेब वयानं त्यांच्याहून मोठे, तेही अक्काच म्हणायचे.

उंच, हाडापेरानं मोठी बाई. आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. लग्न केलेलं नव्हतं, आणि का नाही केलं असं कुणी विचारलं तर "तुमी केलासा न्हवं, मग झालं की," एवढंच उत्तर यायचं. कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायकांसारखं 'मी जातो, मी करतो' असंच बोलायच्या आणि पुण्याचं कुणी त्याला हसलं तर दुप्पट मोठ्यानं बोलायच्या. कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. रेकॉर्डिंग कितीही रंगलेलं असो, ऊन खिडकीतनं गेलं की अक्का माईकसमोरनं उठून डबा उघडायच्या. राजी विहिरीत पडता पडता तशीच लोंबकळत राहायची आणि अक्का शांतपणे भाकरी खायच्या. बाळासाहेब घड्याळ बघायचे, पण बोलायची टाप नव्हती.

त्यांचा फोन ही एक वेगळीच भानगड होती. बटणांचा जुना फोन. पेठेत त्या कंपनीची रेंज धड यायची नाही, आवाज तुटायचा, आम्ही मागं लागायचो की अक्का, नंबर बदला एकदाचा. त्या म्हणायच्या, "न्हाय बदलत जा." का नाही, याला उत्तर नव्हतं. रेकॉर्डिंगच्या खोलीत सगळ्यांचे फोन बंद, त्यांचा मात्र चालूच, फक्त माझ्या टेबलावर ठेवलेला. मला हुकूम असायचा, "वाजला तर सरळ आत ये. दार वाजवत बसू नगंस." मी इतकी वर्षं तो फोन सांभाळला. रिचार्ज संपला म्हणून सांगणारी बाई सोडली तर त्यावर फारसं कुणाचं काही यायचं नाही.

आणि हट्ट तर काय सांगू. एकदा करंज्या तळल्याचा आवाज हवा होता. आमच्या साऊंडवाल्या पोरीनं कम्प्युटरवरनं तळणीचा आवाज काढून लावला. अक्का म्हणाल्या, "हे भज्याचं तेल हाय. करंजी अशी वरडत न्हाय." झालं. दुसऱ्या दिवशी घरनं कढई, झारा, परात, चकलीचा सोऱ्या, सगळा संसार घेऊन हजर. स्टुडिओत शेगडी मांडून करंज्या तळल्या आणि माईक धरला. ऐकून बघितलं तर नळाखाली बादली भरत असल्यासारखं वाटत होतं. कम्प्युटरवरचा आवाजच जास्त करंजीसारखा होता. आम्ही खाली बघून हसायला लागलो. अक्कांनी पुन्हा एकदा ऐकलं, कान खाजवला आणि म्हणाल्या, "माईक खराब हाय तुमचा." शेवटपर्यंत माईकच खराब राहिला. भांडी मात्र पुन्हा लागतील म्हणून स्टुडिओतच राहिली आणि करंज्या आम्ही संपवल्या.

पण पोरांच्या बाबतीत ही बाई काही वेगळीच होती. राजी आणि तुक्याचा आवाज द्यायला पेठेतलीच खरी बहीणभाऊ यायची. माईक एकच, त्यामुळं कोपरानं ढकलाढकली चालायची. एके दिवशी बहिणीनं भावाच्या पायावर पाय दिला, त्यानं तिची वेणी ओढली आणि दोघं भोकाड पसरून बसली. त्यांची आई धावत आत आली. "सॉरी म्हण तिला. म्हण आधी." पोरगं ओठ मिटून उभं. अक्का मध्ये आल्या.

"ताई, हितं कुणी कुणाला सॉरी म्हणायचं न्हाय."

"अहो, पण भांडतात किती."

"भांडू द्यात की. एऽ, तू कागद धर, आन् तू वाच. त्याच्याकडं बघू नगंस. कागदाकडं बघ."

पोरगी हुंदके देत वाचायला लागली. पोरगा नाक ओढत कागद धरून उभा राहिला, आणि तिची ओळ संपली की न सांगता पान उलटायला लागला. तो भाग आमच्या मालिकेत सगळ्यात चांगला झालाय असं मला आजही वाटतं. आई बाहेर येऊन मला म्हणाली, "ह्या बाईंना पोरं न्हाईत, म्हणून जमतंय." मला तिचा राग आला होता. अक्कांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर बोलली की ती. माझी असती तर म्या बी सॉरी म्हणायला लावलं असतं."

दिवाळीच्या भागाची गोष्ट अक्कांनी स्वतःच्या घरातनं उचलली. त्यांना धाकटा भाऊ, तम्माण्णा. घरात तम्मा. लहानपणी एका दिवाळीत दोघांचं बिनसलं, कशावरनं ते त्यांनाही आठवत नव्हतं. बोलणं बंद. आईनं चकलीचं पीठ मळायला सांगितलं दोघांना. अक्कांनी मीठ घातलं आणि पाणी आणायला गेल्या. तम्मानं येऊन परत मीठ घातलं. घातलंस का म्हणून विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं, आणि बोलायचं तर नव्हतं. डबाभर चकल्या तोंडात घालवेनात. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, दोघांना समोर बसवलं आणि एक अख्खी चकली चावून चावून खाल्ली. रागावले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बोलू नका. बोलायची सक्ती न्हाय. पण मीठ घातलं तर सांगायचं. त्याला सांगायचं नसंल तर गोठ्यातल्या म्हशीला सांगा."

आणि पोरांनी खरंच म्हशीला सांगायला सुरुवात केली. "म्हशी, त्याला सांग, साखर मी दळली." "म्हशी, तिला सांग, खोबरं अजून खिसायचंय." म्हैस रवंथ करत ऐकून घ्यायची आणि गोठ्याच्या भिंतीपलीकडं दुसऱ्याला ऐकू जायचंच. त्या घरात तोच रिवाज पडला. भांडण झालं तर म्हैस आहे, काम अडायचं नाही.

हीच गोष्ट राजी-तुक्याची झाली. म्हशीचा आवाज अक्कांचा. ती माणसासारखं बोलत नव्हती, फक्त "हंऽ" आणि "हूंऽ" करायची, पण त्या हंमध्ये अक्का असं काही घालायच्या की पोरं लोळायची. आणि शेवट असा होता. तुक्या करंजीच्या पाऱ्या लाटतोय, वाकड्यातिकड्या, पण भरभर. राजी सारण भरून कडा दाबतेय. तुक्याचा हात जास्त चालतो, पाऱ्या साठतात. पारी उघडी राहिली की सुकते, मग कड नीट चिकटत नाही, तेलात करंजी फुटते आणि सगळं सारण कढईत. राजी त्याच्याकडं बघत नाही. हात लांब करते, ओलं फडकं ओढते आणि त्याच्या पाऱ्यांवर घालते. म्हैस म्हणते, "हंऽ." संपलं. शेवटपर्यंत दोघं बोलत नाहीत.

ते फडकं मी काढलं होतं. लाल काठाचं, एका कोपऱ्याला जळकं.

चॅनेलच्या मॅडम मुंबईहून व्हिडिओ कॉलवर आल्या. चांगल्या बाई होत्या, उगाच का खोटं बोलू. बोलणं गोड, कामात पक्क्या. त्यांनी आधी सगळ्याचं कौतुक केलं आणि मग म्हणाल्या, "पण शेवट राहिलाय ना?"

"झाला की शेवट," अक्का म्हणाल्या.

"नाही, म्हणजे या भागाचा विषय सहकार्य आहे. भावंडांनी सणाच्या तयारीत एकमेकांना मदत करायला शिकायचं. मुलांना ते दिसलं पाहिजे. सॉरी म्हणतात, मिठी मारतात, असं काही."

"करंज्या झाल्या का न्हाय?"

"झाल्या."

"मग शिकली की."

मॅडम हसल्या. "पण ती अजून अबोल्यातच आहेत, अक्का."

"असूं द्यात. तुमाला भाऊ हाय?"

"आहे. परदेशात असतो."

"सॉरी म्हणतोय तुमाला?"

बाळासाहेबांनी टेबलाखालनं अक्कांच्या पायाला पाय लावला. अक्कांनी तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा बाजूला सारला.

"मॅडम, तुमी पोरास्नी सांगताय, आधी गोड व्हा, मग कामाला हात लावा. घरात असं कुणाचं चाललंय? निम्मी घरं बंद पडतील. मी सांगतोय, गोड न्हाय झालं तरी चालतंय, हात लावा. राग ऱ्हाऊ दे पोटात, पण त्याची पारी सुकू दिऊ नगा. ह्येच्यापरास मोठं मला कायबी शिकवता येत न्हाय."

"लहान मुलं आहेत हो. त्यांना शेवटी बरं वाटायला हवं."

"त्यांना वाटतंय. तुमाला वाटत न्हाय."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी शांतपणे सांगितलं की मिठी नसेल तर हा भाग लागणार नाही, आणि मालिकेचाही पुढं विचार करावा लागेल. आमच्या स्टुडिओत तेव्हा तीच एक मोठी मालिका होती. ती गेली असती तर शेगडीशिवाय स्टुडिओत काही पेटलं नसतं. बाळासाहेब पांढरे पडले. अक्कांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि कॅमेऱ्याकडं तोंड केलं.

"ह्या माणसांच्या पोटावर मी पाय देणार न्हाय. तुमी तुमची मिठी तुमच्यात काढून लावा. माझं नाव काढा. म्हशीचा आवाज बी काढा. माझी म्हैस असल्या मिठीत उभी ऱ्हाणार न्हाय."

आणि उठल्या. ऊन अजून खिडकीत होतं, तरी डबा उघडला. बाळासाहेब समोर जाऊन उभे राहिले. "अक्का, एक मिठी की हो. काय बिघडतंय?"

अक्का चटणी कालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई गेली त्या दिवशी हितंच रेकॉर्डिंग चाललं हुतं. फोन पिशवीत हुता, चालू हुता. तम्मानं केला न्हाय. नंतर म्हणाला, तुझं काम चाललेलं, वाटलं सांजंपतूर बरं वाटंल तिला. मी पोचलो तवा आई जाऊन बसली हुती. तवापास्नं बोललो न्हाय त्याच्याशी. आता मला सांगा, सॉरीनं काय हुतंय ह्यात? मी पोरास्नी कशाला खोटं सांगू?"

मीच विचारलं, "मग दिवाळीला कुरुंदवाडला कशाला जाता दरवर्षी?"

"करंज्या करायला. तो लाटतोय, मी भरतो. आईनं तसंच बसवलं हुतं आमाला. दुसऱ्या कुणाचं लाटलेलं मला जमत न्हाय."

मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख कळलं. अख्खं जग जिला अक्का म्हणत होतं, ती ज्याची खरी अक्का होती तो एकटाच तिला हाक मारत नव्हता. मला रडू आलं, आणि अक्कांना रडणं आवडत नाही म्हणून मी खाली दुकानात जाऊन उगीच पातेली बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या नाहीत. त्यानंतर आल्याच नाहीत. चॅनेलनं मिठी लावली, म्हशीला कुण्या दुसऱ्या बाईचा आवाज दिला. ती म्हैस मांजरासारखी बोलते. मालिका राहिली, आमच्या चुली राहिल्या, आणि दर दिवाळीला मी ती मिठी बघून चॅनेल बदलते.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाळासाहेबांच्या फोनवर अक्कांचा फोन आला. माझ्यासाठी निरोप होता. "चित्रवालीला सांगा, माझा सोऱ्या ऱ्हायलाय. आईचा हाय. घिऊन ये म्हणावं." मी सोऱ्या पिशवीत घालून एसटीनं कुरुंदवाडला गेले.

साधं सिमेंटचं घर, मागं गोठा. दुपारची वेळ. स्वयंपाकघरात परातीभोवती दोघं बसलेली. तम्माण्णा म्हणजे अक्काच, फक्त मिशीवाल्या. पॅन्ट दुमडून, बनियनवर, पाऱ्या लाटत होते. अक्का सारण भरत होत्या. दोघांत हातभराचं अंतर.

"या पावणं, बसा," तम्माण्णा म्हणाले. मी बसले. थोड्या वेळानं ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला सांगा, सारणात साखर जास्त झालीया."

मी अक्कांकडं बघितलं. अक्का करंजीकडं बघत म्हणाल्या, "त्याला सांग, दरसाली एवढीच असती."

"ऐकू गेलंय की त्यांना," मी म्हटलं.

"तरी सांग."

मी सांगितलं. मग तेल तापल्याचं सांगितलं, पीठ घट्ट झाल्याचं सांगितलं, दूध संपल्याचं सांगितलं. कुणीही हसत नव्हतं. त्या घरात मी म्हैस झाले होते, आणि खरं सांगते, इतका मान मला कुठल्या घरात मिळालेला नाही.

मला राहवलं नाही. मोबाईल काढला आणि आमचा खरा शेवट, तो मिठी नसलेला, तम्माण्णांसमोर धरला. त्यांनी पिठाचे हात मागं धरून बघितला. तुक्याच्या वाकड्या पाऱ्या, राजीचा लांब केलेला हात, फडकं. म्हशीचा "हंऽ" आला तेव्हा त्यांची मान वर झाली. आवाज ओळखला.

"तिला सांगा, मी असा वाकडा लाटत न्हाय," ते म्हणाले. मी सांगितलं. अक्कांनी पुढची पारी उचलली.

लाटणं परत सुरू झालं आणि मध्येच थांबलं.

"तिला सांगा," तम्माण्णा परातीकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी म्या फोन हातात घेतलता. नंबर बी लावलता. तिचं काम चाललंय म्हणून ठिवला, असं म्या सांगितलं, ते खोटं हुतं. आईचं सांगायचं कसं, तेच कळंना मला. म्हणून ठिवला."

म्हशीला हे सोपं असेल, मला नव्हतं. अक्का माझ्याकडं बघत होत्या, सांगायची वाट बघत. मी जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं.

अक्कांच्या हातात भरलेली करंजी होती. त्यांनी कड दाबली, पूर्ण, टोकापासून टोकापर्यंत, आणि ताटात ठेवली. तम्माण्णांच्या समोर लाटून पडलेल्या पाऱ्या सुकायला लागल्या होत्या. अक्कांनी हात लांब करून ओलं फडकं ओढलं आणि त्यांच्यावर घातलं. सुती, लाल काठाचं. ते मी न बघताच काढलं होतं, फक्त कोपरा जळका नव्हता.

"त्याला सांग, लाटायचं थांबू नगंस," अक्का म्हणाल्या. "आन् सांग, नंबर तोच हाय."

मी सांगितलं.